जुन्या कॉन्व्हेंटमधल्या आर्ट रेसिडेन्सीला जाताना: खोली, व्हिसा, चुन्याची भिंत आणि थंडी

युरोपातली बरीच जुनी कॉन्व्हेंट (म्हणजे शाळा नव्हे, ख्रिस्ती संन्यासी-संन्यासिनींची निवासस्थानं) आणि मठ ओस पडले, कुणाची बराक झाली, कुणाचं इस्पितळ, आणि दुरुस्तीनंतर त्यांतल्या काहींमध्ये आता कलाकार ठरावीक काळ राहून काम करतात, यालाच आर्ट रेसिडेन्सी म्हणतात. पॅरिसमध्ये गार द लेस्त स्टेशनाजवळचं रेकोले हे सतराव्या शतकातलं कॉन्व्हेंट पुढे लष्करी इस्पितळ होतं. २००३ पासून तिथे परदेशी संशोधकांची आणि कलाकारांची राहण्याची सोय आहे. पोर्तुगालमधल्या मोंतेमोर-ओ-नोवू या लहानशा गावात तर अशी दोन ठिकाणं आहेत. किल्ल्याच्या तटाआतल्या साउदासांव कॉन्व्हेंटमध्ये नृत्यदिग्दर्शक रुई ओर्ता यांनी २००० साली नृत्य-नाट्यासाठी ‘ओ एश्पासु दु तेंपु’ ही संस्था सुरू केली, आणि सांव फ्रान्सिश्कु कॉन्व्हेंटमध्ये ‘ओफिसिनाश दु कोन्वेंतु’ आहे, जिथे माती, वीट आणि कौलांचं काम चालतं. नाटक लिहिणाऱ्यांनी फ्रान्समधल्या आव्हिन्यॉं शहरासमोर, ऱ्होन नदीपलीकडचा शार्त्रूझ पाहावा. पोप इनोसंट सहावा याने १३५६ मध्ये स्थापलेला हा मठ आता रंगभूमीसाठी लिहिणाऱ्यांचं राष्ट्रीय केंद्र आहे.

कार्यक्रम वेगळे, अटी वेगळ्या, पण अडचणी बहुतेक एकाच कारणाने येतात: काम आधी ठरवलं जातं आणि खोली नंतर कळते. तिथे उलट क्रम लागतो.

आधी खोलीची चौकशी

अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला एकच नीट ईमेल पाठवा आणि त्यात हे विचारा: झोपायची खोली आणि काम करायची जागा एकच की वेगळी, दाराची मोकळी रुंदी किती, जिना सरळ की वळणाचा, खिडकी कोणत्या दिशेला, भिंतीला काय लावता येतं, पाण्याची मोरी कुठे, हिवाळ्यात खोलीचं तापमान किती राहतं. सध्या काम नेमकं कोणत्या इमारतीत चालू आहे हेही विचाराच. जुन्या वास्तूच्या डागडुजीचा पुढचा टप्पा सुरू झाला की संस्था दुसरीकडे हलते, आणि वेबसाइटवर फोटो मात्र ओवऱ्यांचेच राहतात.

मापं किती अंगाशी येतात त्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या लिऑंजवळचं ला तूरेत. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने बांधलेल्या या कॉन्व्हेंटमधली एक खोली ५.९२ मीटर लांब, १.८३ मीटर रुंद आणि २.२६ मीटर उंच आहे. हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. अशा खोलीत दोन मीटरचं चित्र लांबच्या भिंतीला टेकवलं तर मागे सरून पाहायला जागाच नाही. शिवाय तिथे डोमिनिकन पंथाचे संन्यासी आजही राहतात. संन्यासी राहत असलेल्या कुठल्याही वास्तूत जेवणाच्या आणि मौनाच्या वेळा पाळाव्याच लागतात. जुन्या कॉन्व्हेंटमध्ये खोल्या थोड्या मोठ्या असल्या तरी दारं ७०-८० सेंटिमीटरची असणं नेहमीचं. कॅनव्हासची लहान बाजू दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा किमान पाच सेंटिमीटर कमी ठेवा. मोठं काम करायचंच असेल तर ते जोडचित्र म्हणून आखा, किंवा चौकट न लावता कॅनव्हासवर करा आणि गुंडाळून आणा.

महाराष्ट्र-गोव्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे. जुन्या गोव्यातलं सांता मोनिका हे १६०६ मध्ये सुरू झालेलं ननांचं कॉन्व्हेंट. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय तिथेच आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मधला चौक, खोल खिडक्यांतून येणारा तिरका उजेड, कमानदार छताखाली घुमणारा आवाज हे सगळं तासभर अनुभवून घेतलं तर अर्जातली अर्धी स्वप्नं आपोआप जमिनीवर येतात.

अर्ज

निवड समितीला ‘कॉन्व्हेंटची शांतता मला अंतर्मुख करेल’ या छापाची वाक्यं ढिगाने येतात. ती गाळा. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात काय कराल, कोणती सामग्री लागेल, त्यातली तिथे काय विकत घ्याल आणि निघताना जागेत काय शिल्लक राहील (उत्तर शक्यतो ‘काहीच नाही’) हे ३००-४०० शब्दांत लिहा. इमारत संरक्षित असली की भिंतीत, फरशीत किंवा छतात कायमचा बदल करायला सरकारी परवानगी लागते आणि ती मिळायला महिने जातात. म्हणून ‘जागेशी संवाद साधणारी मांडणी’ सुचवत असाल तर ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी आणि दिवसभरात काढता येणारी आहे, असं स्पष्ट लिहा. एवढ्यानेही अर्जाचं वजन वाढतं.

पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरेत. प्रत्येकाखाली माप, माध्यम, वर्ष. पीडीएफ किती एमबीपर्यंत चालते ते आधी बघा. शेवटच्या रात्री अपलोड अडकण्याचं ते सर्वात सामान्य कारण.

पैशांबाबत तीन प्रकार आढळतात: मानधन देणाऱ्या, फक्त जागा देणाऱ्या आणि उलट शुल्क घेणाऱ्या रेसिडेन्सी. शुल्क घेणारी जागा वाईटच असते असं नाही, पण त्या रकमेत जेवण, गरम पाणी, भट्टीची वीज, स्टुडिओ हे धरलंय का ते लेखी घ्या. मानधन असेल तर आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा, आणि पहिला हप्ता पोहोचल्यावर किती दिवसांनी, हेही विचारा. पहिल्या महिन्याचा खर्च स्वतःच्या खिशात असायलाच हवा.

व्हिसा: ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हे

शेंगेन देशांच्या (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या) अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात. १ एप्रिल ते ३० जून ९१. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर हेही ९१. त्यामुळे तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीच्या निमंत्रणपत्रात तारखा जशाच्या तशा पडल्या की अर्ज तिथेच अडतो. संस्थेला विनंती करून मुक्काम ८५-८७ दिवसांचा करून घ्या. त्याच सहा महिन्यांत आधी युरोपात फिरून आला असाल तर ते दिवसही यातूनच वजा होतात. खरोखर जास्त राहायचं असेल तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, आणि त्याची तयारी बरीच आधी सुरू करावी लागते.

निमंत्रणपत्रात पासपोर्टवर आहे तसं नाव, नेमक्या तारखा, राहण्याचा पत्ता, कोणता खर्च कोण करणार, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि जबाबदार व्यक्तीची सही हवी. मानधन मिळणार असेल तर ते पत्रात लपवू नका. अल्पमुदतीच्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येईल की नाही हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर ठरतं, म्हणून कोणत्या प्रकारात अर्ज करायचा हे संस्थेकडून आणि वकिलातीकडून आधीच पक्कं करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण एप्रिल-मेमध्ये मुंबईत भेटीची वेळ मिळणंच कठीण, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा.

सामान

टर्पेंटाइन, स्प्रे फिक्सेटिव्ह, थिनर विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. ॲक्रिलिक आणि जलरंग चालतात. तैलरंगाच्या ट्यूबा सहसा चालतात, पण सुरक्षा तपासणीत ‘पेंट’ या शब्दावर अडवतात. कंपनीच्या वेबसाइटवरून सुरक्षा माहितीपत्रक काढून बॅगेत ठेवा, त्यात ज्वलनबिंदू लिहिलेला असतो. ड्रिल किंवा कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंत.

प्रकल्पासाठी आजीची जुनी पोथी किंवा देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती नेणार असाल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांहून जुनं, देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसून केवळ तशी दिसत असेल तरी पुरातत्त्व खात्याचा तसा दाखला सोबत हवा, नाहीतर विमानतळावर ती जप्त होऊ शकते.

खाण्याचं: कोरडे मसाले, डाळी चालतात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच.

भिंत, ओल, थंडी

कोकणातल्या जुन्या घरात राहिलेल्यांना चुन्याचा गिलावा नवा नाही. दगडी भिंत ओल आत घेते आणि हळूहळू बाहेर सोडते, आणि चुना तिला तसं करू देतो. त्यावर प्लास्टिक पेंट, गोंद किंवा पॉलिथिनचा कागद चिकटवला की ओल मागे अडकते आणि पोपडे सुटतात. म्हणूनच कॉन्व्हेंटवाले भिंतीबद्दल इतके काटेकोर असतात. मास्किंग टेपही निरुपद्रवी नाही, काढताना सफेदीची पावडर बरोबर घेऊन येते. कागद चिकटवायच्या निळ्या चिकटमातीचा (ब्लू टॅक) तेलकट डाग तर चुन्यात मुरतो आणि वर पुन्हा सफेदी मारली तरी डोकावतो.

त्यामुळे कामासाठी स्वतंत्र फळ्या वापरा: २४० बाय १२० सेंटिमीटरचा प्लायवूड, मागे दोन त्रिकोणी पाय, त्यांवर वाळूच्या पिशव्या. फळी भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर पुढे ठेवा म्हणजे हवा खेळते. भिंतीच्या खालच्या मीटरभर पट्ट्यात बहुधा लोणा असतो, पांढरे क्षार फुलून येतात. तिथे कागदाची पेटी टेकवली तर पंधरा दिवसांत कडा पिवळ्या आणि मऊ पडतात.

ताज्या सफेदीचा आणखी एक दगा आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, आणि सायनोटाइपचा (उन्हात उमटवलेल्या निळ्या छायाचित्राचा) निळा रंग अल्कलीत फिका पडतो. रेशीम आणि लोकरही त्याला सोसत नाहीत. भिंत नुकतीच रंगवली असेल तर अशा कामाच्या मागे आम्लरहित कागद आणि मोकळी जागा दोन्ही ठेवा.

बहुतेक जण हिवाळ्याला घाबरतात, पण ओलीचा खरा त्रास वसंतात होतो. भिंती अजून हिवाळ्याइतक्याच गार असतात. पावसानंतरच्या उबदार दुपारी खिडकी उघडली की दमट हवा आत येऊन त्या गार दगडावर पाणी धरते. आठवड्याभरात कोपऱ्यात बुरशी. अशा दिवसांत सकाळी लवकर अर्धा तास खिडकी उघडा, दुपारी बंद ठेवा. शंभर-दीडशे रुपयांचा... नाही, जरा बरा आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की कागद मधल्या खोलीत हलवा.

थंडीत रंगही वेगळे वागतात. ॲक्रिलिक दहा अंशांच्या खाली नीट जुळून पापुद्रा धरत नाही, वाळल्यावर भुगा होतो किंवा तडकतो. रात्री हीटर बंद करणार असाल तर जाड थर सकाळी द्या. तैलरंग गारव्यात आणि कमी उजेडात फार रेंगाळतात, विशेषतः आयव्हरी ब्लॅक आणि ॲलिझरिन. मुक्कामाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जाड तैलरंग सुरूच करू नका. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. लाकडी छताच्या चारशे वर्षं जुन्या वास्तूत याला माफी नाही. फडकी पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आवाजाचं काम करणाऱ्यांनी चर्चमध्ये पोहोचताच एक टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड करावी. नाद विरायला तीन-चार सेकंद लागत असतील तर मराठीतली जोडाक्षरं एकमेकांत मिसळणार हे नक्की. आवाज वाढवल्याने ते सुधारत नाही. दोन मोठ्या स्पीकरऐवजी सहा-आठ लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, कमी आवाजात लावा, आणि संहिता सावकाश म्हणा.

वीज आणि शेगडी

व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही. अडॅप्टर दोन न्या. एका १६ अँपिअरच्या सर्किटवर साधारण ३,६८० वॉट मिळतात, म्हणजे दोन हजारांचा हीटर आणि दोन हजारांची किटली एकत्र लावली की ट्रिप. पोर्तुगालमध्ये तर इमारतीने घेतलेली एकूण वीजच मर्यादित असते आणि ती ओलांडली की सगळ्या मजल्यावर अंधार होतो. मेन कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

धूरसूचक फार हळवे असतात. मोहरीची फोडणी झाकणाखाली, पंखा लावून. उदबत्ती नकोच.

निघताना

पहिल्या दिवशी भिंती, फरशी, खिडक्यांचे फोटो काढून संस्थेला ईमेलने पाठवलेले असतील तर शेवटच्या दिवशी जुन्या तड्याचं बिल तुमच्या नावावर येत नाही. रंगाचं किंवा प्लास्टरचं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळवून कचऱ्यात टाका.

चित्रं गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर आणि नळी किमान १५ सेंटिमीटर व्यासाची. आत घेतलेला रंग दबून भेगाळतो. लाकडी पेटीतून पाठवणार असाल तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूड. शिक्का नसेल तर पेटी बंदरात अडकते, आणि प्लायवूडच्या पेटीला तो लागत नाही, म्हणून सरळ प्लायवूडच घ्या. भारतातून नेलेली जुनी कामं परत आणताना त्यावर शुल्क लागू नये यासाठी जातानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घ्यावा लागतो. प्रदर्शनासाठी बरंच सामान नेत असाल तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळणारं एटीए कार्ने (सामान तात्पुरतं बाहेर नेऊन शुल्काशिवाय परत आणण्याचा कस्टमचा दस्तऐवज) बरं पडतं. त्याची मुदत वर्षभराची असते आणि प्रत्येक सीमेवर शिक्का मारून घ्यावा लागतो, परतीच्या घाईत युरोपातून बाहेर पडतानाचाही.