फ्रेंच अर्थांसह इंग्रजी शब्द शिकताय? या चुका टाळा

मालवणात एका घरगुती खानावळीबाहेर फळा लावला होता. वर इंग्रजी, खाली फ्रेंच. लिहिणारा माझ्या संध्याकाळच्या वर्गातलाच मुलगा. पर्यटन हंगामात फ्रेंच पाहुणे येतात, म्हणून त्याने फार मनापासून लिहिलं होतं. तळलेल्या सुरमईच्या ओळीत मात्र ‘मासा’ या फ्रेंच शब्दातला एक एस गळला होता. दोन एस असले की ‘प्वासों’, म्हणजे मासा. एकच असला की ‘प्वाझों’, म्हणजे विष. इंग्रजीतला पॉयझन तोच. त्याला शब्द पाठ होता, पण तो त्याने कधी कानाने ऐकला नव्हता. स आणि झ यांतला फरक कानात असता, तर हातून एस गळला नसता.

म्हणून माझा पहिला आग्रह हा, की इंग्रजी-फ्रेंच शब्दांची यादी नुसती डोळ्यांनी वाचू नका. प्रत्येक शब्द आधी ऐका, मोठ्याने म्हणा, मगच लिहा. फ्रेंचमधले नाकातले स्वर आपल्याकडच्या मुलांना तसे जड जात नाहीत. मालवणीत ‘खंय’ म्हणणाऱ्याचं नाक त्या कामाला तयारच असतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. इंटरनेटवरच्या या याद्यांत डावीकडे इंग्रजी असतं, उजवीकडे फ्रेंच, आणि शब्द ए1 (सगळ्यात सोपी) ते सी2 (सगळ्यात अवघड) अशा सहा पायऱ्यांवर मांडलेले असतात. ही पायऱ्यांची चौकट युरोप परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केली. पण यादी बहुतेक वेळा इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच माणसासाठी केलेली असते. पायरी इंग्रजी शब्दाची असते, फ्रेंच शब्दाची नव्हे. आपली मुलं तीच यादी उलटी वापरून एका दगडात दोन भाषा शिकायला बघतात आणि तिथेच घसरतात.

उदाहरण घ्या. ‘कमेन्स’ हा इंग्रजीत भारदस्त, कार्यक्रमपत्रिकेतला शब्द. रोजच्या बोलण्यात ‘बिगिन’ किंवा ‘स्टार्ट’. फ्रेंचमध्ये मात्र ‘कोमाँसे’ हे अगदी पहिल्या धड्यातलं क्रियापद आहे. याचं मूळ इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी काळ दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे गोठ्यातल्या गाईला जुना इंग्रजी शब्द ‘काऊ’ आणि ताटातल्या मांसाला फ्रेंचवरून आलेला ‘बीफ’. मेंढी ‘शीप’, तिचं मांस ‘मटण’, तेही फ्रेंचवरूनच. म्हणून इंग्रजीत वरच्या पायरीवरचा शब्द फ्रेंचमध्ये सोपा असू शकतो. फ्रेंचसाठी पायऱ्यांची वेगळी यादी घ्या.

तिसरी चूक, सारखं दिसणारं सारखंच असेल असं धरणं. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचनालयाला ‘बिब्लिओतेक’. ‘आताँद्र’ म्हणजे हजर राहणं नव्हे, वाट बघणं. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘खरं तर’ नव्हे, ‘सध्या’. तारकर्लीत एकाने आपल्या जागेचा पत्ता देताना वर ‘लोकासिओं’ लिहिलं. फ्रेंच माणूस त्याचा अर्थ ‘भाड्याने मिळेल’ असा घेतो, आणि तिथे स्कूटर किंवा खोली शोधत येतो. असे शब्द सापडले की वहीत लाल शाईने वेगळ्या पानावर लिहा. ते पान कधी भरून संपत नाही.

यावर माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे. यादीला मराठीचा तिसरा रकाना जोडा. इंग्रजीच्या ‘नो’साठी, म्हणजे ‘माहीत असणं’ यासाठी, फ्रेंचमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘साव्वार’ आणि ‘कोनेत्र’. इंग्रजीतून गेलात तर गोंधळ. मराठीतून गेलात तर माणसाला ‘ओळखणं’ म्हणजे कोनेत्र, आणि ‘पोहता येतं’मधलं ‘येणं’ म्हणजे साव्वार. इंग्रजीच्या ‘यू’ने अडवलं, तरी तू आणि तुम्ही आपल्या जिभेवर आहेतच. मित्राला ‘त्यु’, पाहुण्याला ‘वू’. फ्रेंचमध्ये अननसाला काय म्हणतात? ‘आनाना’, काही जण शेवटचा स उच्चारतात. पावाला ‘पँ’. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज व फ्रेंच दोन्ही शब्द लॅटिनचे, म्हणून हे नातं. इंग्रजी ‘पाइनॅपल’ आणि ‘ब्रेड’ यांतून हा धागा दिसतच नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीवर विसंबू नका: लिंग. शब्दाला लिंग असतं हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण तेच लिंग तिकडेही असेल असं वाटतं. आपला समुद्र ‘तो’, त्यांचा ‘ला मेर’ म्हणजे ‘ती’. आपली होडी ‘ती’, त्यांचा ‘ल बातो’ म्हणजे ‘तो’. शब्द कधीही एकटा पाठ करू नका, पुढचा ‘ल’ किंवा ‘ला’ धरूनच करा.

बी2 ची यादी पाठ आहे पण समोरचा बोलला की काही कळत नाही, ही तक्रार दर वर्षी ऐकतो. डेल्फ या फ्रेंच परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार भागांना 25-25 गुण असतात. एकूण 50 मिळाले तरी एखाद्या भागात 5 पेक्षा कमी पडले की नापास. अशा मुलाला मी खाली, ए2 वर आणतो आणि महिनाभर फक्त ऐकवतो. त्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण दुसरा रस्ता नाही. रोज पन्नास शब्दांचा हट्टही सोडा. आठ-दहा पुरेत, मात्र कालचे आणि आठवड्यापूर्वीचे पुन्हा विचारून घ्या.

आकडे यादीत शेवटी असतात म्हणून राहून जातात, आणि बिल देताना सगळं तिथेच अडतं. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार वीस’, पंच्याण्णव म्हणजे ‘चार वीस पंधरा’. वर्गात हे विचित्र वाटतं, तेव्हा मी मुलांना घरी पाठवतो, वीस-वीस करून नारळ मोजणाऱ्या आजीकडे. दुसऱ्या दिवशी ‘कात्र-वँ’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही.