थॉरचेनवरील स्वॅपमधून भागीदार वॉलेटने आपला वाटा कसा मिळवावा

बिटकॉइन देऊन थेट इथर घ्यायचे, तेही कोणत्याही केंद्रीय एक्स्चेंजकडे खाते न उघडता, ही सोय थॉरचेनसारखे नेटवर्क देते. वापरकर्ता मात्र बहुधा एखाद्या वॉलेटमधून (क्रिप्टो नाणी सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधून) किंवा संकेतस्थळावरून व्यवहार करतो आणि त्याला तिथवर आणणाऱ्या या भागीदाराला प्रत्येक स्वॅपमागे, म्हणजे नाण्यांच्या अदलाबदलीमागे, वाटा मिळू शकतो. त्यासाठी करारपत्र किंवा महिनाअखेरचे बिल लागत नाही. व्यवहारासोबत जाणाऱ्या मेमोमध्येच (छोट्या मजकुरी टिपेत) वाटा कोणाला आणि किती हे लिहिलेले असते व त्यानुसार नेटवर्क तो वळता करते.

आधी शुल्कांची फोड नीट समजून घ्यावी. पूलच्या, म्हणजे अदलाबदलीसाठी ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्याच्या, खोलीच्या तुलनेत स्वॅप जितका मोठा, तितके लिक्विडिटी शुल्क वाढते. ते पूलमध्ये पैसा ठेवणाऱ्यांचे आणि नोड, म्हणजे नेटवर्कचे संगणक, चालवणाऱ्यांचे उत्पन्न असते. दुसऱ्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) रक्कम पाठवण्याचे शुल्क वेगळे. भागीदाराचा वाटा या दोन्हींच्या वर येतो, म्हणजे तो सर्वस्वी वापरकर्त्याच्या खिशातून जातो.

हा वाटा बेसिस पॉइंटमध्ये सांगतात. 100 बेसिस पॉइंट म्हणजे 1 टक्का. दोन लाख रुपयांच्या स्वॅपवर 30 बेसिस पॉइंट लावल्यास साधारण 600 रुपये होतात. नेटवर्क 1000 पर्यंत, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत मुभा देते, पण मुभा आहे म्हणून तेवढे आकारणे माझ्या मते वापरकर्त्याशी अप्रामाणिकपणाचे आहे.

पहिले काम म्हणजे रून, हे थॉरचेनचे स्वतःचे नाणे, मोजून थॉरनेम, म्हणजे पत्त्याऐवजी वापरता येणारे आखूड नाव, नोंदवणे. थॉरचेनचा पूर्ण पत्ताही चालतो, परंतु बिटकॉइनच्या व्यवहारात मेमोला पारंपरिक मर्यादेनुसार 80 बाइटच जागा मिळत असल्याने आखूड नाव हाताशी असलेले बरे. त्यानंतर दरपत्रक मागवताना थॉरचेनच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याच्या सोयीला) हे नाव आणि बेसिस पॉइंटचा आकडा द्यावा. उत्तरात तयार मेमो, रक्कम पाठवायचा पत्ता, मुदत, अपेक्षित प्राप्ती आणि भागीदार शुल्काचा स्वतंत्र आकडा येतो. मेमोत कोलनने वेगळे केलेले घटक असतात: हव्या असलेल्या नाण्याची ओळख, प्राप्तकर्त्याचा पत्ता, किमान प्राप्तीची अट, आणि शेवटी भागीदाराचे नाव व दर. वॉलेट आणि त्याला जोडणी पुरवणारा, असे दोघे वाटेकरी असतील तर दोन्ही नावे आणि दोन्ही दर तिरक्या रेघेने जोडून लिहिता येतात. वरच्याच उदाहरणात 20 आणि 10 अशी विभागणी केली, तर एकाला सुमारे 400 आणि दुसऱ्याला 200 रुपये मिळतात.

येथे सर्वांत जास्त काळजी पत्त्याची घ्यावी. नोड बदलले की तिजोऱ्याही, म्हणजे रक्कम स्वीकारणारे नेटवर्कचे पत्तेही, बदलतात, त्यामुळे मिळालेला पत्ता साठवून पुढच्या ग्राहकासाठी कधीही वापरू नये. मुदत संपल्यावर पाठवलेली रक्कम कायमची हातची जाऊ शकते. मोठ्या रकमेसाठी स्ट्रीमिंग स्वॅपचा पर्याय द्यावा, कारण तुकड्यातुकड्यांनी व्यवहार झाल्याने लिक्विडिटी शुल्क घटते आणि भागीदाराच्या दराला धक्का लागत नाही.

वाटा सहसा रूनमध्ये येतो. थॉरनेमवर पसंतीचे नाणे नोंदवल्यास तो आधी साठत राहतो आणि ते नाणे बाहेर पाठवण्याच्या शुल्काच्या ठरावीक पटीइतका झाला की मगच रूपांतरित होऊन मिळतो. साहजिकच, बाहेर पाठवण्याचे शुल्क महाग असलेले नाणे निवडले तर लहान भागीदाराला बराच काळ थांबावे लागते.

हे पैसे कोणाच्या व्यवहारातून येतात, याकडे डोळेझाक करता येणार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर चोरीला गेले आणि त्यातील मोठा भाग थॉरचेनमार्गे बिटकॉइनमध्ये बदलला गेला. म्हणून संशयित पत्ते तपासण्याची व्यवस्था पहिल्याच दिवसापासून असावी. भारतात 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने आभासी मालमत्तांची अदलाबदल करून देणारा व्यवसाय मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याखाली आला असून, आपली सेवा त्यात मोडते का हे वकिलाकडून लेखी घ्यावे. मिळालेले रून पुढे विकल्यास नफ्यावर 30 टक्के कर आणि वर अधिभार-उपकर लागतो; ते मिळाले त्या दिवशीचे उत्पन्न कसे दाखवायचे, हे सनदी लेखापालाशी आधीच ठरवावे आणि त्यासाठी प्रत्येक जमेची तारीख, रूनची संख्या, त्या वेळचा रुपयांतील भाव आणि व्यवहाराचा हॅश (ओळखखूण) आपोआप नोंदला जाईल अशी सोय ठेवावी.