मॉस्कोच्या मध्यापासून लांब, पण मेट्रोला लागून: साध्या हॉटेलातला मुक्काम कसा करावा

मॉस्कोला निघालेला माणूस हॉटेल शोधताना हमखास विचारतो, "रेड स्क्वेअरपासून किती लांब?" त्यापेक्षा हॉटेलच्या दारापासून मेट्रो पायी किती मिनिटांवर आहे, ते विचारा. दहा मिनिटांच्या आत असेल तर शहराच्या कडेचं साधं हॉटेल बिनधास्त घ्या. त्याहून लांब असेल तर भाडं कितीही कमी दिसो, सोडून द्या. हिवाळ्यात बर्फ गोठलेल्या फुटपाथवरून पंधरा मिनिटं चालणं म्हणजे काय, हे रोज दोनदा कळतं.

जागा निवडताना

उदाहरणाला मॉस्कोच्या पूर्वेकडचा इझमायलोवो हा भाग घेऊ. १९८० च्या ऑलिंपिकसाठी इथे हॉटेलांच्या उंच इमारती बांधल्या. आल्फा, बीटा, वेगा, गामा-डेल्टा अशी त्यांची नावं. सगळ्यांना मिळून इझमायलोवोच म्हणतात, पण स्वागतकक्ष वेगळे आहेत. म्हणून आपलं बुकिंग कोणत्या 'कोर्पुस'चं, म्हणजे इमारतीचं आहे, ते नाव रशियन अक्षरांत कागदावर लिहून ठेवा. पार्तिझान्स्काया हे मेट्रो स्टेशन अगदी समोर आहे. तिथून मध्यभागाकडे पाचवं स्टेशन प्लोश्चद रेवोल्युत्सी, आणि तिथून वर आलात की रेड स्क्वेअर काही पावलांवर.

निघण्यापूर्वी

भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. खरी अडचण पैशांची आहे. मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं तिथे चालत नाहीत. बुकिंगचं जगभर चालणारं मोठं संकेतस्थळही तेव्हापासून तिथली हॉटेलं देत नाही. ऑस्त्रोवोक या रशियन संकेतस्थळावर किंवा यांडेक्स या रशियन कंपनीच्या प्रवाससेवेवर शोधा आणि 'पैसे पोहोचल्यावर' असा पर्याय असलेली खोली निवडा. सोबत कोऱ्या करकरीत डॉलर किंवा युरोच्या नोटा न्या. घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली नोट परत येऊ शकते. विमानतळावर गरजेपुरतेच रूबल घ्या, बाकीचे शहरातल्या बँकेत बदला. पासपोर्ट जवळ असू द्या.

फोनच्या इंटरनेटवर विसंबू नका. यांडेक्सचा नकाशा घरूनच उतरवून घ्या. बाहेरच्या मोफत वायफायला पुष्कळदा फोनवर आलेला कोड लागतो आणि नेमका तोच येत नाही.

अक्षरओळखीला दोन संध्याकाळी द्या. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं ते 'स', 'एच'सारखं ते 'न'. 'पेक्टोपा' असं काहीतरी दिसलं की ते रेस्तोरान असतं. गोव्यात मोरजीला गेलेल्यांनी अशा पाट्या पाहिल्याच असतील. शहराच्या कडेला इंग्रजी पाटी क्वचितच दिसते, त्यामुळे ही मेहनत पहिल्याच दिवशी कामी येते.

विमानतळ ते हॉटेल

शेरेमेत्येवो विमानतळावर उतरलात तर एरोएक्स्प्रेस या विमानतळाच्या रेल्वेने बेलोरुस्की स्थानक गाठा. तिथून मेट्रोच्या वर्तुळमार्गाने कुर्स्काया, मग गाडी बदलून निळ्या मार्गाने पार्तिझान्स्काया.

मला या मेट्रोची सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे उद्घोषणा. गाडी मध्यभागाकडे जात असेल तर स्टेशनांची नावं पुरुषाच्या आवाजात ऐकू येतात, बाहेर जात असेल तर बाईच्या. वर्तुळमार्गावर घड्याळाच्या दिशेने पुरुष, उलट दिशेने बाई. बेलोरुस्कायाहून कुर्स्कायाकडे योग्य गाडीत बसलात तर पुरुषाचा आवाज येईल, पुढे हॉटेलकडे जाताना बाईचा. दिवसभर भटकून थकल्यावर गाडीत बाईचा आवाज आला की आपण घराकडेच निघालोय, अशी खात्री पटते. मेट्रो रात्री एकला बंद होते, तेव्हा नाटक किंवा जेवण लांबवताना घड्याळ पाहा.

खोली ताब्यात घेताना

खोली साधारणपणे दुपारी दोनला मिळते आणि शेवटच्या दिवशी बाराला सोडायची असते. सीमेवर मिळालेलं मायग्रेशन कार्ड आणि पासपोर्ट काउंटरवर द्या. परदेशी पाहुण्याची सरकारी नोंदणी हॉटेलच करतं. 'रेगिस्त्रात्सिया' म्हणून तिचा कागद मागून घ्या, आणि पासपोर्ट परत मिळाला का, तेही पाहा.

रशियात 'पहिला मजला' म्हणजे आपला तळमजला. किल्ली हाती आल्यावर लिफ्टमध्ये हा हिशोब लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर बुकिंगआधीच 'गर्याचाया वादा', म्हणजे गरम पाण्याची चौकशी करा. शहराला गरम पाणी मध्यवर्ती केंद्रातून नळाने येतं आणि मे ते ऑगस्टदरम्यान दुरुस्तीसाठी एकेका भागात ते सुमारे दहा दिवस बंद असतं. हॉटेलात स्वतःचा बॉयलर असेल तर प्रश्न नाही. हिवाळ्यात उलटा प्रकार: बाहेर उणे पंधरा आणि खोलीत उकाडा. हीटरला बहुधा बटण नसतं. अशा वेळी खिडकीतलं छोटं तावदान, 'फोर्तच्का', किलकिलं करायचं. तिथले लोकही तेच करतात.

नळाचं पाणी पिऊ नका. बाटली आणा किंवा खोलीतल्या किटलीत उकळा.

शाकाहारी असाल तर

आईला घेऊन गेलो तेव्हा मला याचीच धास्ती होती. 'या नि येम म्यासा', मी मांस खात नाही, एवढं म्हणून भागत नाही. मासे आणि कोंबडी त्यात धरली नाहीत असं होऊ शकतं, आणि भाज्यांच्या सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं. उपयोगी पडला तो 'पोस्तनोये' हा शब्द: ख्रिस्ती उपासाचं, मांस-अंडी-दूध वर्ज्य असलेलं जेवण. त्यात कधी मासा येतो, तेवढं विचारून घ्यावं. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात कितीतरी खाणावळींत त्याची वेगळी यादीच असते. हॉटेलच्या नाश्त्यात ग्रेच्का दिसली तर घ्या, तो आपला कुट्टू. आईने त्यावर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी घातली आणि पुढचे सहाही दिवस तोच नाश्ता केला. केफीर ताकाच्या जवळचं आहे. दुपारी हॉटेलजवळची 'स्तोलोवाया' शोधा. ही स्वयंसेवेची खाणावळ. पदार्थ समोर दिसतात, बोटाने दाखवलं तरी चालतं.

निघताना

विमान रात्रीचं असेल तर बाराला खोली सोडून सामान 'कामेरा ख्रानेनिया'त, म्हणजे सामान ठेवायच्या खोलीत ठेवा आणि इझमायलोवोचा लाकडी बाजार पाहून या. तो शनिवार-रविवारी भरात असतो. नोंदणीचा कागद आणि मायग्रेशन कार्ड मात्र सामानात टाकू नका. कार्ड पासपोर्टमध्येच राहू द्या, विमानतळावरचा अधिकारी ते मागून घेतो.