मुलाखतीपुरतं इंग्रजी: शेवटच्या सत्रात तयारी कशी करावी

पदवीचं शेवटचं सत्र सुरू झालं की इंग्रजी सुधारायचं म्हणून अनेक जण व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडतात. हाताशी तीन महिने असताना हा रस्ता लांबचा पडतो. नव्या पदवीधराला मुलाखतीत विचारतात ते मोजकंच असतं: तुम्ही कोण, काय शिकलात, प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा काय, हेच काम का हवं. तेवढ्यावर न अडखळता बोलता यावं म्हणून रोज अर्धा तास द्या, आणि तो मोठ्यानं बोलण्यात घालवा.

पहिली पायरी: स्वतःचं बोलणं कागदावर उतरवा

काहीही तयारी न करता मोबाइलवर दीड मिनिट इंग्रजीत स्वतःची ओळख रेकॉर्ड करा. मग ऐकत ऐकत ती जशीच्या तशी लिहून काढा, 'अं', 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' यांच्यासकट. काम कंटाळवाणं आहे, पण आपण काय बोलतो हे नुसतं ऐकून कळत नाही. आता तीन रंगांनी खुणा करा: क्रियापद चुकलं तिथे एक, शब्द न आठवून थांबलात तिथे दुसरी, वाक्य अर्धवट सुटलं तिथे तिसरी.

काही चुका हमखास सापडतील. 'आय हॅव टू ब्रदर्स'ऐवजी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'डिड नॉट गो'ऐवजी 'डिड नॉट वेन्ट', 'डिस्कस'नंतर विनाकारण 'अबाउट', आणि 'लास्ट इयर' म्हणताना 'आय कम्प्लीटेड'च्या जागी 'आय हॅव कम्प्लीटेड'. एका आठवड्यात यातल्या दोनच धरा. सगळ्या एकदम धरल्या की बोलताना लक्ष चुकांवर राहतं आणि काय सांगायचं तेच निसटतं.

दुसरी पायरी: ओळख

मिनिटाला १३० ते १५० शब्द हा ऐकणाऱ्याला सोयीचा वेग. म्हणजे दीड मिनिटात साधारण २०० शब्द. ते पाठ करू नका. चार मुद्दे एका चिठ्ठीवर लिहा आणि दर वेळी वेगळ्या वाक्यांत बोला. पाठांतर आवाजावरून लगेच कळतं, शिवाय मध्येच प्रश्न आला की धागा तुटतो. घरची माणसं आणि छंद विचारल्याशिवाय आणू नका.

तिसरी पायरी: प्रोजेक्ट सांगणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निकाल, या क्रमाला प्रशिक्षक 'स्टार' पद्धत म्हणतात. दोन मिनिटांचं उत्तर असेल तर पहिल्या दोन भागांना मिळून अर्धा मिनिट, कृतीला किमान एक मिनिट आणि उरलेला वेळ निकालाला. प्रत्यक्षात बहुतेकांचं उलट होतं: पार्श्वभूमी सांगण्यातच वेळ जातो आणि कृती 'वी डेव्हलप्ड ॲन ॲप' एवढ्यावर आटोपते. त्या 'वी'मध्ये तुम्ही कुठे होता, हे समोरच्याला कळत नाही.

त्याऐवजी असं बोला: 'आय रोट द सर्च मॉड्यूल. द सर्च टुक सिक्स सेकंड्स. आय ॲडेड ॲन इंडेक्स, अँड इट केम डाउन टु वन सेकंड.' छोटी वाक्यं, साधा भूतकाळ, कर्ता ठळक. व्याकरणाचा सरावही यातच होतो. आकडा मात्र खरा हवा, कारण पुढचा प्रश्न 'हाउ डिड यू मेझर इट?' असा येऊ शकतो. हीच पद्धत का निवडली, काय फसलं, आज केलं तर काय बदलाल, या तीन प्रश्नांचीही उत्तरं रेकॉर्ड करून ठेवा.

चौथी पायरी: उच्चार

परदेशी ढब उसनी घेऊ नका. ती दोन वाक्यांत गळून पडते. लक्ष द्यायचं ते आघातावर. मराठीच्या सवयीनं आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर जवळजवळ सारखाच जोर देतो. इंग्रजीत 'डेव्हलप'चा जोर दुसऱ्या भागावर, 'मॅनेजमेंट'चा पहिल्यावर, 'इंजिनिअर'चा शेवटच्यावर असतो. आपल्या विषयातले नेहमीचे तीसेक शब्द काढा आणि ऑनलाइन शब्दकोशात ऐकून मागोमाग म्हणा.

पाचवी पायरी: परक्या माणसासमोर सराव

मित्रासमोरचा सराव फसवा असतो, कारण तुमचं अर्धं वाक्य तो मनात पूर्ण करतो. शेवटच्या तीन आठवड्यांत ओळख नसलेल्या किंवा कमी ओळखीच्या कुणाकडून तरी किमान दोन सराव-मुलाखती घ्या, त्यातली एक फोनवर. फोनवर हातवारे आणि चेहरा मदतीला येत नाहीत. प्रश्न कळला नाही तर नुसतं 'सॉरी?' म्हणू नका. 'डू यू मीन इन माय प्रोजेक्ट, ऑर इन जनरल?' असं विचारा. तुम्ही प्रश्नावर विचार करताय हे त्यातून दिसतं.

गटचर्चेत सर्वांत आधी बोलण्याचा अट्टहास नको. आधीच्या वक्त्याचा मुद्दा एका वाक्यात घेऊन त्यात एक उदाहरण घाला आणि थांबा.

रिझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्ये, आणि फाइलला तुमचं नाव असलेला ठेवा. 'फायनल टू न्यू' असली नावं नकोत. ई-मेलच्या विषयात पदाचं नाव आणि तुमचं नाव लिहा, मजकूर पाच-सहा ओळींत संपवा. फाइल आधी जोडा, मजकूर नंतर लिहा आणि पत्ता सगळ्यांत शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही.