शार्लटची सहाशे मैलांची शर्यत बघायला जाताना

अमेरिकेत शार्लट शहराजवळ, मेमोरियल डेच्या (मेमधला शेवटचा सोमवार, तिथली सुट्टी) आदल्या दिवशी, रविवारी, ही नॅस्कारची, म्हणजे तिथल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, शर्यत असते. तिकीट काढताना पुढच्या रांगेचा मोह धरू नका. पहिल्या वर्षी मी अगदी जाळीजवळ बसले. गाड्या सपकन जायच्या, दिसायचं काहीच नाही, वर टायरच्या रबराचे काळे कण केसांत. जमेल तितकं वर बसा, दीड मैलाचा अख्खा ट्रॅक नजरेत येतो.

कानात बोळे हवेतच, मुलांना इअरमफही.

एकच गाडी निवडा आणि तिच्या ड्रायव्हरचं टीमशी चाललेलं रेडिओवरचं बोलणं स्कॅनरवर, म्हणजे ते पकडणाऱ्या छोट्या यंत्रावर, ऐका. खरी गंमत इथेच आहे! "गाडी टाइट आहे," असं ड्रायव्हर म्हणाला, की समजा वळणावर पुढची चाकं घसरतायत, गाडी वळायला तयार नाही. मग पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून तिची कामं करतात त्या जागी, बघा: पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, चारही टायर बदलतात, आणि मागच्या काचेपाशी पाना घालून स्प्रिंगचा ताण बदलतात.

ऊन उतरलं की ट्रॅक थंड होतो, पकड बदलते. संध्याकाळी मागे रखडलेली गाडी रात्री पुढे येते. चारशे फेऱ्या आहेत. दोनशेला उठून पार्किंगकडे पळू नका.