फाइलची तारीख कोडमधून बदलताय? मग या चुका टाळा

परवा घरच्या जुन्या फोटोंचा बॅकअप घ्यायला नोडमध्ये (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारं साधन) एक छोटीशी स्क्रिप्ट खरडली. काम एवढंच, की मूळ फोटोवरची तारीख कॉपीवर चढवायची. रन केली, एरर नाही काही नाही, खुश होऊन एलएस (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर सगळ्या फोटोंवर मे 2446. म्हणजे आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो अजून चारशे वर्षांनी निघणार होते!

झालं असं की नोडच्या यूटाइम्सला (तारीख लावणारं फंक्शन) आकडा सेकंदात लागतो आणि मी स्टॅटमधला (फाइलची माहिती वाचणारं फंक्शन) मिलिसेकंदवाला आकडा तसाच ढकलला. हजारपट आकडा, साल खरं तर चाळीस हजाराच्या पार जायचं, पण लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टमला मे 2446 च्या पुढची तारीख ठेवताच येत नाही, म्हणून कर्नल (सिस्टमचा गाभा) गुपचूप तिथेच कापतो. सरळ डेट ऑब्जेक्ट दिला असता तर प्रश्नच नव्हता. या कॉल्सची खोडच ही आहे, काहीही द्या, बऱ्याचदा मुकाट्याने हो म्हणतात आणि चूक तुम्हाला चार दिवसांनी कळते.

तारखेवरूनच चूक ओळखायची अजून एक खूण सांगतो. फाइल 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाचची दिसली की समजा कुठून तरी शून्य गेलंय, कारण युनिक्समध्ये वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत मोजतात, तीही यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळ), आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे ना, म्हणून साडेपाच. तीच फाइल अमेरिकेत बसलेल्या मित्राला 31 डिसेंबर 1969 ची दिसते. सीमध्ये हे फार होतं, कारण तिथल्या तारीख लावणाऱ्या यूटाइम-एनएस-अ‍ॅटला दोन वेळांचा अ‍ॅरे लागतो, पहिला एटाइम म्हणजे शेवटचं वाचन, दुसरा एमटाइम म्हणजे शेवटचा बदल, आणि आपल्याला एमटाइमच बदलायचा असतो म्हणून पहिला खाना लोक शून्य करून सोडून देतात. शून्य म्हणजे 'हात लावू नको' नव्हे, शून्य म्हणजे 1970. हात लावू नको म्हणायला नॅनोसेकंदच्या खान्यात यूटाइम-ओमिट टाकायचं, आत्ताची वेळ हवी तर यूटाइम-नाऊ. सीच्या जुन्या यूटाइम आणि यूटाइम्समध्ये ही सोयच नाही, तिथे आधी स्टॅट करून जुना एटाइम वाचायचा आणि परत तोच भरायचा, म्हणून नवीन कोडमध्ये ते वापरूच नका. लिनक्सला यूटाइम-एनएस-अ‍ॅट 2.6.22 पासून आहे.

आता ज्या चुकीत माझी एक अख्खी संध्याकाळ गेली ती. सीमध्ये एफ-ओपनने फाइल उघडली, एफ-प्रिंट-एफने दहा-बारा ओळी लिहिल्या, मग एफ-यूटाइम-एनएसने जुनी तारीख लावली, मग एफ-क्लोज. कॉल यशस्वी, पण फाइलवर तारीख आत्ताची! दोनदा कोड वाचला, काही सापडेना, शेवटी एसट्रेस (प्रोग्राम कर्नलला कोणते कॉल करतो ते दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं की तारीख लावायचा कॉल आधी जातोय आणि राइट त्याच्या नंतर. कारण त्या दहा-बारा ओळी लायब्ररीच्या बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) पडून होत्या, एफ-क्लोजने त्या डिस्ककडे ढकलल्या आणि राइट झालं की एमटाइम बदलणारच, त्यात कर्नलची काही चूक नाही. तारीख लावायच्या आधी एफ-फ्लश करून बफर रिकामा करा, नाहीतर सरळ फाइल बंद करून पाथवरून तारीख लावा, मला दुसरं जास्त भरवशाचं वाटतं. फोल्डरचंही तसंच आहे. आत फाइल आली, गेली किंवा तिचं नाव बदललं की फोल्डरचा एमटाइम बदलतो, त्यामुळे आधी सगळा माल भरून घ्यायचा आणि फोल्डरच्या तारखा सगळ्यात शेवटी. फाइल्सचा गठ्ठा बांधणारं-सोडणारं टारसुद्धा असंच करतं.

परमिशनचा घोळ वेगळाच. शेअर्ड फोल्डरमधली फाइल दुसऱ्याच्या नावावर, तुम्हाला लिहायची परवानगी आहे, टच (तारीख आत्ताची करणारी कमांड) मारलं तर चालतं, पण टच मायनस डी देऊन जुनी तारीख लावायला गेलात की 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. लोक लगेच चीमॉड 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करतात आणि तरीही चालत नाही म्हणून वैतागतात. नियम असा आहे की दोन्ही वेळा आत्ताच्या करायला राइट परवानगी पुरते, पण मनाला येईल ती तारीख लावायची तर फाइलचे मालक असायला हवं किंवा रूट, म्हणजे सिस्टमचा मुख्य यूजर. गंमत म्हणजे एकात यूटाइम-नाऊ आणि दुसऱ्यात यूटाइम-ओमिट दिलं तरी मालकीच लागते.

सीटाइमच्या मागे लागू नका. तो क्रिएशन टाइम नाही, आयनोड, म्हणजे फाइलच्या माहितीची नोंद, शेवटचा कधी बदलला ते आहे, तो सेट करायचा कॉल नाही आणि तुम्ही एमटाइम बदललात की तो आपोआप आत्ताचा होतो. त्यासाठी सिस्टमचं घड्याळ मागे नेणारे महाभाग पाहिलेत मी, चालू सर्व्हरवर तरी नका करू. विंडोजवर मात्र सेटफाइलटाइमने क्रिएशनची वेळही बदलता येते, फक्त तिथली मोजणी 1601 पासून आणि 100 नॅनोसेकंदच्या हिशोबात, युनिक्सच्या आकड्यात आधी 11644473600 सेकंद मिळवायचे.

पायथॉनवाल्यांनी तारीख कॉपी करताना फ्लोटवाला (दशांशातला) एसटी-एमटाइम घेऊ नका, आजच्या तारखांना त्यात साधारण 240 नॅनोसेकंदांपेक्षा बारीक फरक मावतच नाही, मग दोन फाइल्सची तारीख तंतोतंत जुळत नाही. एनएसवाले (पूर्ण नॅनोसेकंदांतले) आकडे घ्या आणि ओएस-डॉट-यूटाइमला एनएस म्हणूनच द्या. पेनड्राइव्ह फॅट32 फॉरमॅटचा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, तिथे एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात राहतो, म्हणून 'तारीख वेगळी म्हणजे फाइल बदलली' असं धरणारा बॅकअप दर वेळी निम्म्या फाइल्स पुन्हा कॉपी करत बसतो. आरसिंकला (फाइल्स जुळवून कॉपी करणारी कमांड) मॉडिफाय-विंडो एक द्या, स्वतःचा कोड असेल तर दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्या.

आणि एटाइम मुद्दाम जुना लावला असेल तर तपासायला फाइल उघडू नका. लिनक्समध्ये 2.6.30 पासून रिलाटाइम (प्रत्येक वाचनाला एटाइम न बदलण्याची सेटिंग) डिफॉल्ट आहे, पण त्यातही एटाइम 24 तासांपेक्षा जुना असला की पुढच्या वाचनाला तो आत्ताचा होतो. माझी स्क्रिप्ट दुरुस्त झाल्यावर सुद्धा एटाइम परत परत आजचाच येत होता, बराच वेळ कोडला शिव्या घातल्या, आणि बघतो तर बाजूला उघडा असलेला फाइल मॅनेजर थंबनेल बनवायला एकेक फोटो वाचत बसलेला.