सेप्टिक टँक फोडण्यापूर्वी शोषखड्डा तपासा : सोलापुरातील घरमालकांसाठी मार्गदर्शन

सोलापूरच्या हद्दवाढ भागात ज्या घरांपर्यंत ड्रेनेज लाइन पोहोचलेली नाही, तेथे शौचालयाचे पाणी तुंबू लागले की घरमालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो : टाकी जुनी झाली, फोडून नवी बांधा. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा ठरतो. टाकी शाबूत असते आणि तिच्यातून बाहेर पडणारे पाणी जिरवणारा शोषखड्डा मात्र निकामी झालेला असतो. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते, तिच्यातील सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि पाणी खाली उतरेनासे होते. अशा खड्ड्याला जोडलेली नवी कोरी टाकीसुद्धा काही महिन्यांत तुंबते. म्हणून खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधणे, ही या कामाची पहिली पायरी आहे.

त्यासाठी टाकीचे झाकण उघडून किमान अर्धा तास तसेच ठेवावे. जवळ विडी-काडी पेटवू नये, तोंडावर वाकून पाहू नये आणि मुलांना दूर ठेवावे, कारण आत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचलेले असतात. त्यांतील दुसऱ्या वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जिवावर बेततो. त्यानंतर बाहेरूनच पाण्याची पातळी पाहावी. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी स्थिर असेल आणि तरीही शौचालय तुंबत असेल, तर अडथळा घरापासून टाकीपर्यंतच्या पाइपात आहे. पाणी त्या पाइपच्या वर चढलेले असेल, तर बाहेर जाणारा पाइप किंवा शोषखड्डा बंद पडलेला आहे. पातळी त्याच्या बरीच खाली असेल, तर टाकी गळत आहे. परिसरात बोअर असल्यास ही स्थिती सर्वांत वाईट, कारण काळ्या पाषाणाच्या भेगांतून दूषित पाणी न गाळता थेट बोअरपर्यंत पोहोचू शकते.

आणखी एक साधी खूण मैला उपसताना दिसते. गाडीने टाकी रिकामी करत आणल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटे टाकीत येऊ लागले, तर शोषखड्डा तुडुंब भरला आहे, असे निश्चित समजावे. या वेळी गाडीजवळ स्वतः उभे राहावे.

भिंती खचल्या असतील, स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या असतील किंवा टाकी गळत असेल, तरच ती बदलावी. त्याआधी झोन कार्यालयात आपल्या गल्लीत ड्रेनेज लाइन आली आहे का, याची चौकशी करावी; आली असेल तर टाकी बांधण्याऐवजी तिची जोडणी घेणेच योग्य. कामाला दिवाळीनंतरचा काळ चांगला. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जमीन कोरडी असते आणि खड्ड्याच्या बाजू ढासळण्याची भीती कमी असते.

आकाराबाबत भारतीय मानक २४७० मार्गदर्शक आहे. दहा माणसांच्या घरासाठी आणि दर दोन वर्षांनी उपसा धरून टाकी आतून २ मीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर असावी. त्यावर ३० सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. अशा टाकीत सुमारे अडीच हजार लिटर पाणी राहते. दोन कप्पे केल्यास पहिला दुसऱ्याच्या दुप्पट ठेवावा. पाणी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना टी-पाइप बसवून त्यांची खालची टोके पाण्यात बुडालेली ठेवावीत, म्हणजे वर तरंगणारी साय शोषखड्ड्याकडे जात नाही. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा ५ सेंटीमीटर खाली असावा. गवंडी हा फरक अनेकदा अंदाजाने ठेवतात; तेथे लेव्हल ट्यूब (पातळी जुळवण्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून घेण्याचा आग्रह धरावा. आतून गिलावा व घोटाई झाल्यावर टाकी पाण्याने भरून पातळीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाणी उतरले नाही याची खात्री झाल्यावरच बाजूची माती भरावी. ही माती काळी नसावी. फुगणाऱ्या मातीचा दाब भिंतींवर येऊ नये म्हणून बाजूने मुरूम भरावा. तयार प्लॅस्टिकची टाकी बसवत असाल, तर बाहेर मुरूम चढत जाईल तसतसे आत पाणीही भरत जावे, अन्यथा ती आत दबते. जुनी टाकी उपसून, तिच्या तळाला भोके पाडून मुरमाने थर देत ठोकून बुजवावी. पोकळ सोडलेली टाकी पुढे कधीतरी कोणाच्या तरी पायाखाली खचते.

आता शोषखड्डा. काळ्या मातीचा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. तळाशी छोटा खड्डा करून तो आदल्या दिवशी पाण्याने भरून मुरवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून ते किती वेळात उतरते हे मोजावे. अडीच सेंटीमीटर उतरण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, तर खड्डा पुरेसा पडणार नाही. उथळ व लांब शोषचर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप घालावा. एक तासाहून अधिक लागला, तर पाणी जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून टाकीपुढे खडीचा गाळणी कप्पा बांधण्याचा विचार अभियंत्याच्या सल्ल्याने करावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट दूर असावा. बाराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर एवढे अंतर क्वचितच मिळते. तेथे बोअरचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये, आणि खणण्यापूर्वी शेजाऱ्याचा बोअर कोठे आहे हेही विचारून घ्यावे.

देखभाल अवघड नाही. वर्षातून एकदा लांब बांबूला पांढरे फडके गुंडाळून तो टाकीच्या तळापर्यंत उभा सोडावा आणि काही मिनिटांनी वर काढावा. काळ्या गाळाची उंची फडक्यावर दिसते. गाळ आणि साय मिळून खोलीच्या एक तृतीयांशाइतकी झाली, की गाडी बोलवावी. साधारणपणे दोन ते तीन वर्षांनी ही वेळ येते. गाळाचा थोडा अंश तळाशी राहू द्यावा, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. टाकी ॲसिडने धुऊ नये. सॅनिटरी पॅड, केस, तेल आत जाऊ देऊ नये आणि गच्चीवरील पावसाचे पाणी कधीही टाकीला जोडू नये. वायुवाहक पाइपच्या तोंडाला डासांची जाळी लावावी. ती उन्हाने विरते, म्हणून दर उन्हाळ्यात पाहून घ्यावी.

टाकीत माणूस उतरवू नये. पाइपात अडकलेला बोळा काढण्यासाठी ‘दोन मिनिटे’ उतरवलेला माणूसही गुदमरून मरतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेणे गुन्हा ठरवले असून पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मजूर स्वतःहून तयार झाला, तरी त्याला नकार द्यावा आणि यंत्राची गाडी येईपर्यंत थांबावे. गाडी येऊन गेल्यावर उपशाची तारीख, तसेच टाकीचे व झाकणांचे घराच्या कोपऱ्यापासूनचे अंतर एका कागदावर लिहून तो घरपट्टीच्या पावत्यांसोबत ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी फरशी उखडून झाकण शोधण्याची वेळ येत नाही.